करवंट्या

बावीस पायजेत, म्हणाले,
सारख्या उंचीच्या, आणि डोळेवाली एकही नको.
मग आठ दिवस आमच्याकडे खोबरंच खोबरं:
उसळीत, बांगड्यात, चहाबरोबर नुसतंसुद्धा.
शेवटच्या तीन रेमेदीनाने कुंपणावरून दिल्या,
कशाला म्हणून विचारलं नाही.
वेंगुर्ल्यात गिरप मेस्त्रींना कोणी विचारत नाही.

काचकागदाने घासल्या. खोबरेल चोळलं.
प्रत्येकीच्या माथ्यावर कानशीने बारीक खाच.
मग पालथ्या मांडल्या भिंतीकडेने, वीत वीत अंतरावर,
आणि त्यांच्यावरून नेल्या दोन्ही स्पीकरच्या वायरी,
वहाळावर साकव घालावा तशा.

"वायर जमनीर आसली काय जमीन आवाज पिता."

एकतीस वर्षं बर्फाच्या फॅक्टरीत
कुठला व्हॉल्व्ह गळतोय ते कानाने सांगितलेला माणूस.
त्याच्याशी मी काय वाद घालू?

गेल्या चतुर्थीपासून एकच घोकणं:
पखवाजाला पोट नाही.
भावाने जत्रेत भरलेली ती दशावताराची कॅसेट,
तिच्यातला गाणारा म्हणे मधे उभाच राहत नाही,
अर्धा ह्या भिंतीला, अर्धा त्या भिंतीला
पाठ लावून गातो, घरात भांडण झाल्यासारखा.
हेड पुसून झालं. पट्टा बदलून झाला.
अ‍ॅम्प्लिफायर एसटीने कुडाळला जाऊन आला,
मांडीवर, टॉवेलात गुंडाळून.
खाऱ्या वाऱ्याला शिव्या झाल्या, मुंग्यांना झाल्या.
उरली होती ती लादी.

रविवारी दुपारी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या,
मला खुर्चीत बसवलं, घामाघूम.
"आयक, आता आयक."

आणि खरंच.
पखवाज पोटात वाजला, माझ्या.
गाणारा दोन्ही भिंती सोडून
मधोमध आला, जिथे आमचा पानाचा डबा असतो,
तिथे उभा राहून त्याने खाकरून घसा साफ केला.
ते खाकरणं मी नऊ महिन्यांत ऐकलं नव्हतं.
ह्यांच्या डोळ्यांत पाणी. मी पदर शोधला, तो चष्मा पुसायला.

आता माझं.
चतुर्थीच्या आदल्या दिवशी लादी पुसताना
डाव्या स्पीकरच्या वायरी माझ्या हातून निसटल्या होत्या.
तेलात नेवऱ्या. दोन भोकं, दोन वायरी.
लाल कुठे नि काळी कुठे, कोण बघतो?
बसवल्या. बसल्या.
रविवारी ह्यांनी सगळं सोडवलं आणि परत जोडलं,
लाल लालात, काळी काळ्यात,
जीभ बाहेर काढून, सुईत दोरा ओवावा तसं.
मी मागे उभी होते. मला आठवलं.

हळदणकराच्या मुलाला बाजारात सहज विचारलं,
एका बाजूची उलटी बसली तर रे?
"एक पुढे ढकलता तेवां दुसरो मागे ओढता, काकी.
मधल्यामधे ढोल मरता."
कोथिंबीर घेतली आणि घरी आले.

सांगितलेलं नाही.
येईल त्याला हे करवंट्या दाखवतात,
बर्फवाले, पोस्टमन, रेमेदीनाचा जावई.
ते मान हलवतात, ऐकू आल्यासारखी.
माझा झाडू आता वायरींखालून सरळ जातो.

परवा एक माझ्या पायाने फुटली.
खिडकीकडून सातवी.
तिच्या जागी आहे ती डोळेवाली,
तोंड भिंतीकडे करून ठेवलीय.
अजून तरी त्यांना ऐकू आलेली नाही.