साडेतीन फूट

पुस्तकात लिहिलंय, माणूस सेकंदाला साडेतीन फूट चालतो.
केलर रोड बहात्तर फूट रुंद. सहा लेन.
भागाकार केला, एकवीस आले.
सही केली आणि डबा खायला गेलो.
टोलीडोच्या नकाशावर माझा तो पहिलाच सिग्नल.

वांडा क्रुपिन्स्की सेकंदाला अडीच फूट चालायची.
हे कुणी मोजलं नव्हतं.
डाव्या गुडघ्याची वाटी नवी,
चाकांच्या पिशवीत आठवड्याचं धुणं, मुठीत सुटी नाणी,
आणि पलीकडे लाँड्रोमॅट,
त्याच्या काचेवरची निळी नळी दिवसाही पेटलेली.
एकविसाव्या सेकंदाला ती पाचव्या लेनमध्ये होती.

पोलिसांच्या कागदावर चौकोन असतो: चूक कोणाची.
फुली पादचाऱ्यावर.
खाली बारीक अक्षरात, कपडे गडद.
पिशवीत चार पांढऱ्या चादरी होत्या,
ते लिहायला चौकोन नव्हता.

आमच्याकडे म्हणतात,
काळ आला होता पण वेळ आली नव्हती.
विहिरीतून वर काढलेल्या पोराबद्दल,
अंगावर भिंत पडून उठलेल्या गवंड्याबद्दल.
इथे वेळ येत नाही.
वेळ दिली जाते, तिसऱ्या मजल्यावरून.
मी दिली होती,
आठ सेकंद कमी.

रविवारी गेलो. गुडघ्याला टॉवेल आवळून बांधला,
पिशवीत दहा किलो बटाटे.
बटण दाबलं. निघालो.
तिसऱ्या लेनपाशी समोरचा लाल पंजा उघडझाप करू लागला.
पाचवीत पोचलो तेव्हा एका पिकअपचं इंजिन
माझ्या मांडीशी गरम श्वास सोडत होतं.
ड्रायव्हरने काचेआडून हात हलवला, चला, चला,
रागाने नाही.
त्यालाही कुठेतरी पोचायचं होतं.

सोमवारी एकविसाचे एकोणतीस केले.
गुरुवारपर्यंत चौदा तक्रारी:
केलर रोडचा सिग्नल बिघडलाय का?
नाही, मी टाइप करतो. नाही. नाही.
चौदा वेळा तोच शब्द, खाली माझं नाव.

परवा लाँड्रोमॅटमध्ये शिरलो, उगाच.
ओडेल म्हणाला, चादरी धुऊन ठेवल्यात.
वरच्या फळीवर, चारही, कोपऱ्याला कोपरा जुळवून.
अजून कुणी न्यायला आलं नाही.
पैसे किती झाले, मी विचारलं.
तो घड्या घालतच राहिला, दुसऱ्या कुणाच्या कपड्यांच्या.
नाणी रस्त्यावर पडलेली होती ना, म्हणाला,
तीच वेचून मशीनमध्ये घातली.
बरोबर पुरली.