अठरा मिनिटं

अप्पर डेपोला उतरले तेव्हा डबी पिशवीत होती, कांद्यांशेजारी.
पाषाणच्या तन्वीरने बजावलंय : उन्हात ठेवू नका, आपटू नका.
बाकी ती जेवणाच्या डब्याएवढीच.
आत निळा दिवा, पिवळी काच,
आणि एक भिंग, ज्याची किंमत त्याने मला मुद्दाम सांगितलेली नाही.

बावीस वर्षं मी जंतू वाढवले.
वड्या थापायच्या आधी ताटलीत ओततात तसं आगर ओतलं,
सदतीस अंशांवर रात्रभर उबवलं,
सकाळी मोजलं.
‘रिपोर्ट उद्या येईल’ हे मी इतक्या दारांत म्हटलंय
की झोपेतही म्हणते, असं घरचे सांगतात.
उद्या मी टेबलापाशी असायचे.
फोनवर आकडा सांगायचा.
पलीकडचा चेहरा दिसायचा नाही.

आता अठरा मिनिटं, आणि त्याच ओट्यावर बसून.

वायदंडे वहिनींनी पिंपाचं झाकण सरकवलं.
मी नमुना घेतला, थेंबभर रंग, डबी बंद.
तेवढ्यात त्याच पिंपातून त्यांनी तांब्या भरला,
फुलपात्र पदराने पुसून माझ्यापुढे ठेवलं.
‘उन्हातनं आलाय. आधी पाणी घ्या.’

या वस्तीत पाणी न पिता उठून गेलेल्यांची
एक जुनी यादी आहे.
कागदावर नाही. वहिनींना पाठ आहे,
त्यांच्या सासूबाईंनाही होती.
मी फुलपात्राकडे बघितलं.
चौथं मिनिट.

त्यांचा नातू डबीला कान लावून बसला.
‘आत काय करतंय?’
मोजतंय, मी म्हटलं.
‘कुणाला?’
वहिनी काही बोलल्या नाहीत.
दाराबाहेर नळाची पाइप, तिच्याखाली गटार,
दोघांच्या मध्ये कुणीतरी सायकलची ट्यूब गुंडाळलेली.
अकरावं मिनिट. पाणी तसंच.

मग पडद्यावर हिरवे ठिपके उमटले.
कुणीही त्यांना काजवे म्हणेल,
मी म्हणत नाही. त्रेचाळीस होते.
मी मोबाइल वहिनींच्या हातात दिला.
त्यांनी चष्मा शोधला, लावला,
बोट टेकवून टेकवून मोजले, एकोणचाळीस भरले,
पुन्हा मोजले.
‘म्हणून होय,’ एवढंच म्हणाल्या.
फुलपात्र उचललं
आणि जास्वंदीच्या डब्यात ओतलं, अगदी हळू,
ते कुणाचं तरी उष्टं असावं तसं.

मी वॉर्डातल्या साहेबांना फोन लावला.
त्रेचाळीस ऐकून ते म्हणाले, उद्या बघतो.
माझ्याकडून सुटलेला तो शब्द
त्यांनी जपून ठेवलाय.

वहिनी स्टोव्हला पंप मारत होत्या.
‘उकळल्यावर मरतात ना?’
मरतात.
‘मग चहाचा एक थेंब त्यात घाला. बघूच.’
दुधाचा चालत नाही, मी म्हटलं, भिंगाला गढूळ दिसतं.
‘मग कोरा करते.’

केला. गुळाचा, आल्याचा, भयंकर तिखट.
नातवाने डबी माझ्याकडे सरकवली.
मी ती उघडली नाही.
अठरा मिनिटांत चहा गार झाला असता.