म्हजो

जासिंत फुर्तादला मी नीट असा एकदाच पाहिला.
एक मोसम त्याच्यापुढं स्टॉपर खेळलो,
म्हणजे पाठ त्याच्याकडे, तोंड संकटाकडे.
मला ठाऊक होता तो त्याचा आवाज.
उंच चेंडू बॉक्सवर तरंगू लागला की
मागून एकच शब्द यायचा, कोकणीतला,
"म्हजो!"
माझा. बाकीच्यांनी सोडा.
आणि मी मान खाली घालायचो,
मास्तरांनी दुसऱ्याचं नाव पुकारल्यावर
वर्गात घालतात तशी, सुटकेनं.

चिंचोण्याचा. बाप तारवटी, वर्षातून महिनाभर घरी.
त्यानं आणलेले हातमोजे दोन मापं मोठे.
बोटं वाढतील, म्हणाला होता.
वाढली नाहीत, मोडली.
करंगळी वास्कोत, तर्जनी म्हापशात.
म्हणून तो हात करून कुणाला वाट सांगू लागला
की माणूस हमखास चुकायचा.

सावर्ड्याला खाणवाल्यांकडे दोन वर्षं.
कागदावर वजनकाट्याचा कारकून:
सकाळी ट्रक मोजायचे, संध्याकाळी चेंडू अडवायचे.
थुंकी लाल, मोजे लाल,
धुऊन वाळत घातलेला टॉवेलही लालच.
खाण बंद पडली तेव्हा
गोलाची जाळी सोडवायलासुद्धा कुणी आलं नाही.
मग बंदराचा संघ. मग पणजीत बँकेचा, जिथं मी होतो.
मग कोण एक बिल्डर,
ज्याच्या क्लबचं नाव
दर नव्या इमारतीबरोबर बदलायचं.

सगळीकडे तो दुसरा गोली.
पहिल्याचा गुडघा दुखायची वाट बघत बसणारा.
नाही, हे मी चुकीचं लिहिलं.
पहिल्याच्या गुडघ्याला रोज बर्फ चोळायचा
तो जासिंतच.

काणकोणहून येताना बसमध्ये विचारलं,
एकूण किती सामने मिळाले रे तुला?
बोटांवर मोजू लागला,
वाकड्या बोटापाशी हिशेब अडला, हसला.
"सगळ्यो जर्सी परत दिल्यो," एवढंच म्हणाला.
खरंच होतं ते. शर्ट क्लबचा, बूट क्लबचे,
भाड्याची खोली क्लबची, तीही मोसम संपेपर्यंत.
आणि हा माणूस भर मैदानात
परक्या खांबांमध्ये उभा राहून ओरडायचा
म्हजो.
इतक्या ठामपणे, की पंचही थबकावेत.

फातोर्ड्याची उपांत्य फेरी.
शेवटची आठ मिनिटं मिळाली त्याला, आणि एक पेनल्टी.
पेनल्टीला आम्ही सगळे गोलाकडे तोंड करून उभे.
म्हणून दिसला तो. आधी गुडघे वाकले,
मग अख्खा माणूस उजवीकडे आडवा,
हवेत थोडा जास्तच वेळ.
अडवली त्यानं!
चेंडू परतून माझ्यापुढं चार हातांवर, मोकळा,
आणि मी त्याच्याकडेच बघत राहिलो.
त्यांच्या पोरानं तो निवांत आत ढकलला.
पेपरात आलं: गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला.
ते माझ्याही घरी आलं होतं. मी पत्र लिहिणार होतो संपादकांना.

आता जासिंत रासईच्या फेरीबोटीवर आहे.
खाकी शर्ट, सुटलेलं पोट.
दोर फेकण्याआधी गुडघे मात्र तसेच वाकतात.
गेल्या मंगळवारी एका बाईच्या पाटीतून कलिंगड सुटलं,
धक्क्याच्या उतारावरून गडगडत पाण्याकडे निघालं.
जासिंत झेपावला.
पन्नाशीतला माणूस, पूर्ण लांबीचा, शेवाळलेल्या फरशीवर.
बोटं लागली. करंगळी नक्की लागली,
या खेपेला माझी नजर हलली नव्हती.
फळानं जराशी दिशा बदलली
आणि ते कडेवरून जुवारीत पडलं.

बाई साठ रुपये मागत होती.
जासिंत उठला, कोपराचा चिखल पुसला,
तरंगत चाललेल्या हिरव्या गोळ्याकडे बोट केलं,
ते अर्थात भलतीकडेच गेलं,
आणि माझ्याकडे बघून म्हणाला,
"कॉर्नर."