बेसिनवरचा उजेड

वसमत रोडच्या पलीकडं, प्लॉटिंगमध्ये,
आमचं घर उभं राहिलं तेव्हा
सगळ्यात शेवटी उरली
बाथरूममधली बेसिनवरची हातभर भिंत.
टाइल्स झाल्या, नळ झाले, पैसे संपले,
पुन्हा थोडे आले.
विश्वंभर म्हणाला, आरसा तूच बघ,
मला काय, भांगापुरता दिसला की बस.

खलीलभाईंच्या दुकानात
एकाच वेळी तीस-पस्तीस मी.
गोल मी, लांबट मी,
कडेनं वेलबुट्टी कोरलेली मी,
आणि एक, बोट लावताच आतून पेटणारी.
"भाभी, ये टचवाला है, नया माल."
मी बोट मागं घेतलं,
तव्याला लागल्यासारखं.

माहेरी, जिंतूरला,
खिळ्याला एक आरसा असायचा,
लाल प्लास्टिकच्या चौकटीचा, तळहाताएवढा.
त्यात एका वेळी एकच काहीतरी मावायचं:
कपाळ, नाहीतर दात,
नाहीतर डोळ्यात गेलेलं कुसळ.
अख्खा चेहरा आम्ही बहिणी
एकमेकींना विचारून घ्यायचो.

"वरून एकच लाइट लावला
तर डोळ्यांखाली सावली पडते.
दोन लावा, दोन्ही बाजूंना, तोंडाच्या उंचीला."
हे खलीलभाई मराठीत म्हणाले.
कामाचं ते मराठीत बोलतात.

मग त्यांनी पिवळा लावून दाखवला.
काकवीसारखा उजेड सगळ्या काचांवर पसरला
आणि माझ्या ओठाच्या डाव्या कडेचं कोड
विरघळून गेलं.
अकरा वर्षांत पहिल्यांदा
तिथं काहीच नव्हतं.
मी मान वळवून बघितली,
पस्तीसही जणींनी वळवली. कुणालाच नव्हतं.

मग पांढरा.
आलं परत.
सुरुवातीला ज्वारीच्या दाण्याएवढं होतं,
आता चिंचोक्याएवढं,
कडा स्वच्छ, नकाशातल्या तालुक्यासारख्या.
खलीलभाई गल्ल्याकडं बघत म्हणाले,
"बाथरूम में लोगां पीलाच लगाते, भाभी.
आँखों को ठंडक."
भला माणूस.

दिवाळीनंतर प्रांजलीला बघायला येणार आहेत.
पोहे झाले की त्या बाया
हात धुवायला याच बेसिनवर येतील,
मी टॉवेल घेऊन शेजारी उभी असेन.
हे विश्वंभरच्याही मनात आलं असणार.
तो नुसता वायरचं बंडल
या हातातून त्या हातात करत राहिला.

पण मी रोज सकाळी करंगळीवर मलम घेते
आणि खिडकीकडं तोंड करून
अंदाजानं लावते.
ट्यूब चारशे दहा रुपयांची.
जिथं लागायचं तिथंच लागलं पाहिजे ना.
"पांढरा द्या," मी म्हणाले. "दोन."

अझर ड्रिल घेऊन आला आणि
उंचीवरून अर्धा तास गेला.
विश्वंभर सहा फूट, मी पाच असेन-नसेन.
तो आरसा तोंडासमोर धरून भिंतीला उभा राहिला:
त्याच्या खांद्यांवर माझं तोंड.
खाली घ्या, म्हणाले. अजून. अजून जरासा.
हळूहळू वरून त्याचं कपाळ उगवलं,
भुवया, मग डोळे,
आणि ते हसत होते.
अझरनं पेन्सिलीची खूण केली.

आता दाढी करताना तो वाकतो
आणि कमरेवर हात ठेवून कण्हतो,
मला ऐकू येईल इतपतच.

बोअरचं पाणी खारं.
आठ दिवसांत काचेवर पांढरे ठिपके धरतात.
रविवारी दोन्ही दिवे लावून
मी अर्ध्या लिंबानं घासत बसते.
एकेक डाग सुटतो.
शेवटी एक राहतो,
त्यावरून लिंबू दोनदा फिरतं
तेव्हा कळतं, हा काचेवरचा नाही.
मी जरा मागं सरकते.
तोही सरकतो.

बाहेरून प्रांजली दार वाजवते,
आई, किती वेळ गं.