पाणाड्याचा नारळ

हा नारळ शिंगनाथ पाणाड्याच्या तळहातावर
आमच्या प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्यात
उभा राहिला होता, चार माणसांदेखत.
साडेचारशे फूट गेलो. नुसता फुफाटा.
बोअरवाला पैसे मोजून गेला,
नारळ राहिला देवळीत, शेंडीसकट.

आज फोडला.
आत अर्धा पेला पाणी.
प्रयाग म्हणाली, खोटं नव्हता बोलत बिचारा,
फक्त जागा चुकला सांगायला.

गयाबाई भोईण मोंढ्याच्या मागं बसते.
ओल्या पोत्याखाली लिंबोटीचा कटला.
खवले काढता काढता विचारलं तिनं,
रस्सा का तळून?
म्हणलं, नारळातला.
तिचा कोयता हवेतच थांबला.
"नारळ देवाला असतो, डायव्हरसाहेब.
नव्या गाडीला असतो.
माशाला काहून?"

अकरा वर्षं देवगड डेपोला काढली.
दर जूनला अर्ज: आई-वडील थकलेले,
पत्नी एकटी, स्वजिल्ह्यात बदली मिळावी, ही विनंती.
मुक्कामी गाडी लावून खोलीवर यायचो
तर कुबलकाकू खिडकीतून वाटी सरकवायच्या,
वर झाकण, झाकणावर दोन आमसुलं.
भात त्यांचाच.
मी त्या भातावर बसून
ज्वारीच्या भाकरीची आठवण काढायचो.

लाईट गेलेली. म्हणून पाटा.
कारळं, तीळ, शेंगदाणे वाटून घट्ट झालेला प्रयागचा हात
ओल्या खोबऱ्यावर बिचकतो,
पाहुण्याच्या लेकराला आंघोळ घालावी तसा.
धने, मिरच्या, हळद, लसणाच्या चार पाकळ्या.
पहिलं दूध दाट, ते बाजूला.
दुसरं पातळ, ते आधी.
तिरफळं डब्यात सातच उरलेली, सातही ठेचली.
आमसूल नाही,
तर मेव्हण्याच्या बांधावरची चिंच.

माशाचे तुकडे सोडले.
आता दाट दूध. आता खळखळून उकळू द्यायचं नाही.
करूळ घाट उतरतो तसं,
दुसऱ्या गिअरवर,
ब्रेक न जाळता.
हे मी प्रयागला सांगितलं.
ती म्हणाली, दिसतंय तर आजाऱ्याच्या पेजेसारखं.

मी कोथिंबीर निवडायला वळलो
तेवढ्यात तिनं येसराची चिमूट टाकली.
चिमूट कसली, मूठच.
पिवळा रस्सा बघता बघता
आमच्या घराच्या रंगाचा झाला.
मी पळी आपटली.
अकरा वर्षांची चव होती ती, म्हणलं,
तू एका मुठीत.

मग चाखला.
देवगड नव्हतं.
अहमदपूरही नव्हतं.
इथून देवगडला थेट गाडी नाही,
कोल्हापूरला उतरून बदलावी लागते.
तिथंच कुठंतरी,
स्टँडवर, पिशवी मांडीवर घेऊन
बसली असावी ही चव.

जेवायला बसलो.
प्रयागनं भाकरी चुरली.
भाकरीनं वाटीभर रस्सा एका दमात ओढला,
पुन्हा वाढला, पुन्हा ओढला.
ती काटे काढून ताटाच्या कडेला
एका रांगेत लावत होती, काही न बोलता.
करवंटी धुऊन तिनं आधीच
ज्वारीच्या कोठीत टाकली होती, मापाला.

तिसऱ्या वाटीला विचारलं,
"अकरा वर्षं हेच खात होतात?"

रोज नाही, म्हणलं.

"आन् फोनवर म्हणायचे तुम्ही,
जेवणाचे लई हाल आहेत."

मी खोकलो.
गळ्याला हात लावला,
काटा अडकल्यासारखं केलं.
तिनं माझ्याकडं बघितलं, जरा जास्तच वेळ.
मग कोरड्या भाकरीचा तुकडा मोडून
पुढं केला.
"चावू नका," म्हणाली.
"गिळा."