पाच फळ्या, कल्लोळ

चिकोडीत स्टँडच्या मागं माझं रंगाचं दुकान.
सातगोंडा अंबी दर चैत्रात येतो,
चपला उंबऱ्याबाहेर काढतो
आणि तेच विचारतो :
अक्का, नावंला यंदा काय लावू?

मला डब्यावरचं वाचता येतं.
डब्यावर निळा समुद्र आहे, पांढरं शीड आहे,
खाली बारीक अक्षरांत : दोन हात द्या, मध्ये चोवीस तास.
कृष्णेचं नाव नाही.
आठ महिने रेतीवर पालथी तापत पडायचं
आणि बंधारा बुडाला की एकाएकी
शाळेची पोरं, दुधाचे कॅन, कुणाची तरी गाभण शेळी
पलीकडं येडूरला पोचवायची,
अशा नावेबद्दल कंपनीला
काही ठाऊक नसावं.

म्हणून गेल्या साली म्हटलं, बघूयाच.
इराप्पा बडिगेरनं खानापुरी सागाच्या एकाच फाळीतून
हात हातभर पाच फळ्या कापून दिल्या.
माझ्या दुकानातच, काउंटरवर पेपर अंथरून, आम्ही त्या रंगवल्या.

व्हार्निशची लगेच ओळखू आली,
वरातीच्या घोड्यासारखी.
जवसाच्या तेलाचे मी तीन हात दिले,
प्रत्येक हात आधीच्यापेक्षा घट्ट,
दुकानभर आठवडाभर तोच वास.
एरंडेल सातगोंडाच्या हट्टामुळं.
तो त्याला हरळेण्णी म्हणतो,
त्याच्या आईनं त्याच्या टाळूवर तेच थापलेलं.
काजूच्या टरफलाचं तेल चंदगडहून आणवलं,
काळं, चिडकं; माझ्या मनगटावर
त्याचा एक थेंब अजून दिसतो.
पाचवी कोरी ठेवली.
का, म्हणाला तो.
मी म्हटलं, तुलनेला.
तो म्हणाला, बिचारी.

मग घाटावरच्या करंजाला
सुतळीनं बांधून त्या सोडल्या,
निम्मी उन्हात, निम्मी पाण्यात.

वैशाखात त्याचा फोन : घोडं उललं.
मी गेले बघायला. कडेला नखाएवढी भेग,
भेगेतून आत शिरलेलं पाणी
चकाकीखाली पांढरं पडलेलं,
डोळ्यात मोतीबिंदू उतरतो तसं.
जवसाच्या फळीवर बुरशीचे काळे ठिपके, पण लाकूड जिवंत.
एरंडेल वाळलंच नव्हतं. त्यात माश्या, धूळ,
आणि एका मुंगळ्याचा पाय, नुसता पाय.
काजूची फळी होती तशीच, कुणाशी न बोलणारी.
काय बघायलीस अक्का, तो म्हणाला, सांग की.
मी म्हटलं, पावसाळा होऊ दे, मग सांगते.

श्रावणात दूधगंगा आणि कृष्णा एकदम चढल्या.
करंज शेंड्यापर्यंत गेला.
पाणी उतरल्यावर सुतळीची चार टोकं फांदीला,
आणि कोरी फळी घाटाच्या पायऱ्यांच्या फटीत,
फुगून गच्च बसलेली.
पहारीनं काढावी लागली.

यातून काही सिद्ध होत नाही.
हे मी त्याला दोनदा सांगितलं.
तो मान हलवत राहिला, पण फळी घरी नेली.
आता तिच्यावर बसून त्याची सून भाकरी थापते.

यंदा चैत्रात परत तो, परत चपला बाहेर.
मी काउंटरवर डबे मांडले,
त्यानं निळ्या समुद्राकडं बघितलंसुद्धा नाही.
झाकणं उघडून वास घेत गेला एकेकाचा,
जवसापाशी थांबला.
हे का, मी विचारलं.
वास जेवणाचा हाय, म्हणाला.

पाच लिटर दिलं. टर्पेंटाईन वेगळं.
कुठलं तेल बरं, ते मला अजून माहीत नाही;
एक गोष्ट मात्र नक्की माहीत होती, तेवढी सांगितली :
पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नको,
जवसाच्या चिंध्या आपल्याआप पेटतात.
रेतीवर पसरून टाक, एकेक, सुट्टी.

नदीकाठी? म्हणाला तो,
पाण्याच्या एवढ्या जवळ?

होय, म्हटलं. तिथंसुद्धा.

इरली अक्का, म्हणाला,
आणि डबा कडेवर घेऊन
पायानंच चपला शोधू लागला.