पाणसळ

पेर्निक गावातल्या निम्म्या न्हाणीघरांच्या फरश्या
माझ्या हातच्या आहेत.
आडवं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवू नये.
पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मधे येऊन टेकला
की मी गुडघ्यांवरून उठतो आणि पैसे मागतो.

तरी शाळेमागच्या हॉलात
लाकडी कड्यांना धरून
अंग जमिनीला समांतर करायला गेलो
तर पाय खाली, बूड त्याहून खाली.
स्तोयांकाबाई म्हणाल्या,
"दोरीवर वाळत घातलेलं घोंगडं."

एकाहत्तर वर्षांच्या आहेत बाई.
डावं कोपर त्यांचं पुरतं सरळ होत नाही
आणि दिवसभर ओरड एकच:
कोपर सरळ! कोपर सरळ!
एकदा विचारलं, कशानं झालं.
"घाईनं," म्हणाल्या, आणि किटली ठेवली.

आधी गुडघे छातीशी,
पोटातल्या पोरासारखं सगळं मिटून घ्यायचं,
आडवी फक्त पाठ.
दहा सेकंद. असं पाचदा.
मग गुडघे छातीपासून वीतभर लांब.
त्या एका वितीला अख्खा ऑक्टोबर लागला.

माझे वडील खाणीत
हातभर उंचीच्या थरात आडवे पडून कोळसा काढायचे.
आई अजून हसते:
त्याला आडवं व्हायचे पैसे मिळायचे,
तू पदरचे देतोस!

बारा वर्षांचा कालोयन येतो
सूर्यफुलाच्या बिया चघळत,
तोंडातली सालंसुद्धा थुंकत नाही,
सळईसारखा आडवा होतो, उतरतो,
हात परत खिशात.
मी खडू चोळत उभा.

नोव्हेंबरात, बाई चहा गाळत असताना,
मी चोरून दोन्ही पाय लांब केले.
कोपराच्या आत काहीतरी तारेसारखं झणझणलं.
त्यांनी काही विचारलं नाही,
नेमका तिथंच अंगठा दाबला.
मी बोंबललो.
"स्नायू म्हणजे शेजारी. हाक मारली की येतो.
कंडरा म्हणजे सरकारी कचेरी.
अर्ज टाकायचा आणि घरी जायचं."

सहा आठवडे पुन्हा पोटातलं पोर.
हॉलातलं हीटर बंद, कडी बर्फासारखी,
खांदे कानांपासून खाली ओढलेले,
कंबर आत, मांड्या एकमेकींना चिकटलेल्या,
कपाळावर घाम त्या थंडीतही,
आणि बघणाऱ्याला वाटावं
हा नुसता लटकलाय.
ताजी बसवलेली फरशीही वरून अशीच गप्प असते.
खाली मसाला अजून पकडत असतो,
म्हणून तर दाराला खुर्ची लावून
घरच्यांना सांगून ठेवतो:
उद्यापर्यंत पाय ठेवू नका.
हे मी वीस वर्षं लोकांना सांगतोय.

फेब्रुवारीत कामावरून थेट आलो,
पिशवीत पाणसळ तशीच.
एक पाय लांब, मग दुसराही.
कालोयनला काय सुचलं कोण जाणे,
त्यानं ती काढून माझ्या मांड्यांवर ठेवली.
बाई मोजायला लागल्या,
एक,
इतकं लांब "एक" मी आयुष्यात ऐकलं नव्हतं,
दोन,
आणि मी, पाणसळ, खडूचा डबा,
सगळे मिळून गादीवर.

बाईंनी मान डावीकडून उजवीकडे हलवली.
आमच्याकडे त्याला हो म्हणतात.
"दीड," म्हणाल्या मग. "दोन नव्हते."
"बुडबुडा डोक्याकडे होता," कालोयन म्हणाला,
"थोडासाच."

दुसऱ्या दिवशी एका दंतवैद्याच्या स्वयंपाकघरात
पहिली फरशी टेकवली, वर पाणसळ ठेवली.
एरवी अशा वेळी मी नखानं टिचकी मारतो.
बुडबुडा हलत होता अजून.
मी हात मागे घेतले
आणि बसून राहिलो.